कागदावरचं वय

बॉयलरवाला तळघरातून हात पुसत वर आला
आणि म्हणाला, सहा हजार चारशे.
मग माझ्या तोंडाकडे बघून
जरा हळू : कर वेगळा.

डुलुथमध्ये नोव्हेंबर लागला की
घासाघीस करायची नसते.
सरोवर शेजारीच बसलेलं असतं, ऐकत.

टेबलावर दोन पाकिटं आहेत.
एक मला : नवं कार्ड, अठरा महिने बिनव्याजी.
दुसरं आयलीला.
तिला वर विमानाचे मैलही देऊ केलेत.
येत्या फेब्रुवारीत चार वर्षं होतील तिला जाऊन,
बँकेचा मात्र तिच्यावर अजून विश्वास आहे.

माझ्यावर कमी.
बत्तीस वर्षं मी तिच्या कार्डावरचा दुसरा माणूस होतो,
बोटींत खनिज भरत होतो,
पगार तिच्या हातात देत होतो,
आणि पत नावाची गोष्ट घरात तिच्या खणात असायची,
शिवणाच्या कात्रीशेजारी.
तिचं खातं बंद झालं
त्यात माझी बत्तीस वर्षंही मिटली.
एकसष्टाव्या वर्षी पाचशे डॉलर अनामत ठेवून
मी पहिलं कार्ड काढलं,
समोरची मुलगी म्हणाली, अभिनंदन, मिस्टर लेहतिनेन.

म्हणजे कागदावर मी साडेतीन वर्षांचा.
नवं कार्ड काढलं तर ते शून्याचं,
दोघांची सरासरी पावणेदोन.
नुकतं चालायला लागलेलं मूल.
शिवाय अर्ज केल्याची खूण राहणार दोन वर्षं,
अनोळखी कुणी दार वाजवून गेल्यासारखी.
आणि कार्ड काठोकाठ भरलं
की तेही वाईट दिसतं म्हणे.

शेजारचा रूबेन म्हणतो, काढ.
दहाबारा गुण पडतील, वर्षभरात परत येतील.
गुणच ते, दात थोडेच आहेत?
तो हसतो तेव्हा दिसतं
त्याला हा फरक कुठून कळला ते.

पण कारिनचं घर मे महिन्यात आहे.
तिच्या कर्जावर माझी सही लागणार.
तिनं बजावलंय : बाबा, तोवर काहीही नवीन उघडू नकोस.
तेव्हा बॉयलर चालू होता.
तिला अजून सांगितलेलं नाही.
सांगितलं तर ती पैसे पाठवेल,
घरासाठी साठवलेल्यातले,
आणि ते कर्ज कुठल्याच कागदावर दिसणार नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
इथे पाय आपोआपच पोटाशी आलेत.

माझ्या बापाची पत एका वहीत होती.
संपाच्या हिवाळ्यात वाइनो दुकानदार
पीठ, कॉफी, रॉकेल लिहून ठेवायचा
पेन्सिलीनं.
शाई का नाही, असं मी विचारलं होतं एकदा.
त्यानं मला एक पेपरमिंट दिली
आणि तीही लिहिली.

नळ गोठून फुटले तर किती,
हे मी पाकिटाच्या पाठीवर मांडून बघितलं.
मग दहाबारा गुण.
मग सहाशे अठ्ठ्याऐंशीतून दहाबारा.
कारिनच्या बँकेची रेघ नेमकी कुठे आहे
ते मला माहीत नाही,
आणि विचारावं तर ती विचारेल, का?

अर्ज काळ्या शाईत भरा, असं छापलंय.
मी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, खरी,
पेन्सिलीनं.

तेवढ्यात तिचाच फोन.
थंडी पडलीय ना तिकडे? घर गरम आहे?
आहे की, म्हणालो,
आणि ते दोन शब्द तोंडासमोर पांढरे झाले,
थोडा वेळ तरंगत राहिले.